नावापुढचा शेरा

हजेरीबाईंना न आवडणारं एखादं नाव विचारलं, तर त्या उलट विचारतात, "कुठल्या सालापासून सांगू?"

चौतीस वर्षं त्यांनी पहिलीचा वर्ग सांभाळला. वर्षाला चाळीस पोरं धरली तरी हिशेब तेराशेच्या पुढे जातो. एवढ्या जणांची नावं रोज सकाळी घेणाऱ्याच्या पदरात थोडंफार पुण्य पडायला हवं होतं. बाईंच्या घशात गाठ आली. डॉक्टर म्हणाले, कमी बोला. त्या दिवसापासून बाई कमी बोलतात, पण जे बोलतात ते जिव्हारी लागेल असं.

हजेरीबाई हे नाव गल्लीनं पाडलं. कारण समोर कुणीही आला, भाजीवाला असो, पोलीस असो, की बाई आधी त्याचा वर्गातला नंबर सांगणार. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे आ वासून बसल्या होत्या. डॉक्टरांनी आरसा आत घातला तेवढ्यात बाईंनी त्यांना ओळखलं. आरसा हातानं बाजूला सारून म्हणाल्या, "अठरा नंबर. पेन्सिली खायचास." डॉक्टरांनी कानावरची पेन्सिल काढून हळूच खिशात घातली.

शाळेच्या हजेरीपटांवर शाळेचा हक्क. पण बाईंच्या स्वतःच्या चौतीस वह्या होत्या, निळ्या पुठ्ठ्याच्या. वर्ष संपलं की पोरं दुसरीच्या बाईंकडे जात, आणि जाताना प्रत्येकाची ओळख करून द्यावी लागे. म्हणून शेवटच्या दिवशी बाई रिकाम्या वर्गात बसून एकेका नावापुढे शेरा लिहीत; काही सुचलं नाही तर ती जागा तशीच राही. 'खोटं बोलतो पण छान बोलतो.' 'आई फार येते.' 'पुढे बसवा, मागे बसवलं तर झोपतो. पुढेही झोपतो, पण दिसतो तरी.' एक प्रत दुसरीच्या बाईंना, एक आपल्या वहीत. निवृत्त झाल्यावर या वह्या घरी आल्या आणि कपाटाच्या खालच्या खणात जाऊन बसल्या. त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती बाईंना नात झाली तेव्हा.

बाईंचा मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. सून औषधांच्या दुकानात औषधं देते. त्यासाठी चार वर्षं शिकली, आणि तिचं प्रमाणपत्र चौकटीत घालून दुकानाच्या भिंतीवर लावलेलं होतं, कायद्यानं लावावंच लागतं. घर तिसऱ्या मजल्यावर, खोल्या दोन, आणि जिन्यात दिवा नाही. पोटुशी असताना सून एकदा त्या जिन्यावरून घसरता घसरता राहिली. बाईंनी तिला दंडाला धरून सावरलं. त्या भरात सून म्हणून गेली, "आई, बाळाचं नाव तुम्हीच ठेवा."

माणसानं जिन्यात वचन देऊ नये. पाय जमिनीवर नसतात.

मुलगी झाली. मुलगा दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर अर्ज भरायला गेला. आईचं नाव, बापाचं नाव, वजन, वेळ, सगळं भरलं, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यापाशी हात थांबला. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: रकाना कोरा सोडू नये. आता हा हजेरीबाईंचा मुलगा. याला लहानपणापासून घोकवलेलं, की उत्तर येत नसलं तरी कोरं सोडायचं नाही, काहीतरी लिहायचं, अर्धा गुण तरी मिळतो. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आईला विचारून'.

खिडकीतल्या कारकुनाचं ते त्या दिवसातलं एकविसावं बाळ होतं. आधीच्या वीस बाळांनी त्याची विचारशक्ती संपवली होती. त्यानं समोर होतं ते टाइप केलं, शिक्का मारला आणि दाखला दिला.

दाखला घरी आला तेव्हा सुनेनं तो दोनदा वाचला.

"हे काय आहे?"

"तात्पुरतं आहे गं," मुलगा म्हणाला. "बदलता येतं."

"तुला कोरं सोडता आलं नाही?"

"सोडू नये असं लिहिलं होतं!"

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. अक्षरात चूक नव्हती. त्यांना मनातून बरंही वाटलं असणार, कारण त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "निदान विचारून तरी म्हणालास."

पुढच्याच महिन्यात लस टोचायला नेलं. नर्सनं दार उघडून गर्दीकडे पाहिलं, हातातला कागद पाहिला, परत गर्दीकडे पाहिलं, आणि धीर करून हाक मारली, "आईला विचारून!" बाकावरच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. सून पोरीला छातीशी धरून उठली आणि मान खाली घालून आत गेली. घरी आल्यावर तिनं पर्स टेबलावर आपटली. "आई, आज नाव ठरलं पाहिजे."

"ठरवू की," बाई म्हणाल्या. "सांग तू."

सुनेनं एक नाव सांगितलं, फुलाचं.

"नको गं. अठ्ठ्याऐंशी सालची. दुसऱ्यांचे डबे खायची आणि तोंड माझ्या रुमालाला पुसायची."

सुनेनं नदीचं सांगितलं.

"तिला पूर यायचा. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत डोळ्यांना धार."

चांदणीचं.

"पोरगी बरी होती. तिची आई! रोज खिडकीत. बाई, तिला पुढे बसवा. बाई, तिला खोकला आहे. बाई, तिच्या शेजारची शिंकते. अजून ते नाव ऐकलं की मी खिडकी लावून घेते."

मुलानं मध्ये तोंड घातलं. धीट, न घाबरणारी अशा अर्थाचं एक नाव त्याला कुठंतरी सापडलं होतं.

"ती वर्षभर टेबलाखाली बसली," बाई म्हणाल्या. "भिंतीवर पाल आहे म्हणून. पाल मेली तरी ही बाहेर येईना."

शांत स्वभावाची या अर्थाचं नाव असलेल्या तीन जणी बाईंना भेटल्या होत्या, तीन वेगवेगळ्या साली, आणि तिघींपुढे शाळेची घंटा मुकी वाटायची. मग मुलानं नवरा-बायकोच्या नावांचे अर्धे अर्धे तुकडे जोडून एक नाव तयार केलं. बाई म्हणाल्या, "उरल्यासुरल्या कापडाचं पायपुसणं शिवतात रे. पोरीचं नाव नाही." सुनेनं वर्गात कधीच आलं नसेल असं अगदी नवं कोरं नाव शोधून आणलं. बाईंनी ते जिभेवर घोळवलं.

"जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

"आई, पहाटेचा उजेड असा अर्थ आहे त्याचा."

"असेल. पण या नावानं हाक मारली तर पोर येणार नाही, खोकला जाईल."

सून औषधांच्या दुकानातली. तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला.

बाईंनाच दोष द्यायचा तर अन्याय होईल. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एक नाव सुचवलं, ते सुनेनं झिडकारलं, कारण त्या नावाची बाई तिच्या वसतिगृहावर होती आणि आंघोळीचं पाणी मोजून द्यायची. दुसऱ्या एका नावावर मुलगा जरा जास्तच घाईनं "नको, नको" म्हणाला. सून त्याच्याकडे बघत राहिली. तो पोरीच्या लंगोटांच्या घड्या घालायला लागला, जे त्यानं त्याआधी कधी केलं नव्हतं. ते नाव पुन्हा घरात निघालं नाही. काकूंनी बजावलं, अमुक नाव ठेवू नका, त्याचं यमक वाईट जुळतं, पोरं चिडवतील. आणि मग त्यांनी ते यमक जुळवूनही दाखवलं, जिन्यात, मोठ्यानं. नाव आवडायला कारण लागत नाही. नावडायला मात्र एक माणूस लागतो, आणि माणसं सगळ्यांकडे भरपूर.

पोरीचं नावावाचून काही अडलं नव्हतं. तिला कुणी पिल्लू म्हणे, कुणी ठमाबाई, बाप म्हणे साहेब. ती सगळ्यांकडे बघून हसे आणि सगळ्यांच्या अंगावर दूध काढी.

असे साडेपाच महिने गेले, आणि मग तीन बाजूंनी एकदम कोंडी झाली.

पहिली, पाळणाघर. पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी दाखला पाहिला आणि परत केला. "अहो, माझ्याकडे रोज हजेरी होते. मी काय रोज 'आईला विचारून' म्हणून ओरडू? बाकीची पोरं घरी जाऊन काय सांगतील? नाव घाला, मग आणा." दुसरी, नोंदणीची खिडकी. सहा महिन्यांच्या आत नाव घातलं तर तिथल्या तिथे काम. त्यानंतर कोर्ट, वकील, दोन साक्षीदार आणि देवाची इच्छा. सहा महिने शनिवारी भरत होते, आणि शनिवारी खिडकी बाराला बंद. तिसरी, औषधांच्या दुकानाचा मालक. तो वाईट माणूस नव्हता, म्हणून त्यानं हे काम हसत केलं. सुनेचं चौकटीतलं प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. "घरी जपून ठेव. बाळंतपणाची रजा संपली, सोमवारी कामावर आलीस तर परत लावू. नाहीतर माझ्याकडे दुसरी मुलगी तयार आहे, तिची चौकट याच खिळ्याला बसते."

शुक्रवारी दुपारी सून ती चौकट काखेत मारून जिना चढून आली. कपाटावर ठेवली. तोंड धुतलं. मग बाईंसमोर येऊन खाली मांडी घालून बसली.

"आई, वह्या काढा."

"कशाला?"

"सगळ्या काढा. दुकानात मुदत संपलेली औषधं आम्ही अशीच वेगळी करतो. शेरा असलेलं नाव बाजूला. शेरा नसलेलं माझ्या कागदावर. उरेल त्यातलं एक उद्या खिडकीवर."

बाईंना हे पटलं नाही, पण त्यात शिस्त होती, आणि शिस्तीपुढे बाई जन्मभर हरत आल्या होत्या. चौतीस वह्या फरशीवर आल्या. नात पोटावर पालथी पडून एका वहीचा कोपरा चघळत होती. बाई वाचत होत्या, सून लिहीत होती. मधूनच बाई स्वतःशी खुदकन हसायच्या, मधूनच "मेला!" म्हणायच्या. चहा दोनदा झाला. पाच वाजेपर्यंत सुनेच्या कागदावर मुलींची एकसष्ट नावं जमली.

"बघा," ती म्हणाली. "एकसष्ट आहेत. एकीच्याही पुढे काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे शहाण्या असणार. त्रास दिला नसेल."

"मग झालं तर. हे कसं आहे?" तिनं एक नाव वाचलं. खरोखर छान होतं. ऐकायला गार.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "कोण ही?"

"तुमच्याच वर्गातली. तेवीस नंबर."

बाईंनी डोळे मिटले. मिटलेले डोळे जरा जास्त वेळ मिटलेलेच राहिले.

"दुसरं वाच."

सुनेनं दुसरं वाचलं.

"ही कुठं बसायची?"

"मला कसं माहीत, आई? तुमचा वर्ग."

"पुढचं वाच."

सून वाचत गेली. बाई प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, होकारार्थी नव्हे, नकारार्थी नव्हे, कुणीतरी गर्दीत दिसतंय का हे बघताना हलवतो तशी. बाविसाव्या नावाला त्या म्हणाल्या, "थांब."

"आठवली?"

"नाही. एकही नाही." त्यांनी चष्मा काढला. "मी हिचं नाव वर्षभर रोज सकाळी घेतलं असणार. आणि हिनं रोज 'हजर' म्हटलं असणार."

"असणारच."

"आवाज कसा होता गं हिचा?"

पोरीच्या तोंडातून वहीचा पुठ्ठा काढून घेत सून जरा मऊ आवाजात म्हणाली, "आई, तेराशे पोरं. कुणाला आठवणार? पण एक बघा, या नावांवर तुमचा राग नाही. यातलं ठेवू. हे पहिलंच ठेवू. हरकत नाही ना?"

"हरकत नाही."

"हुश्श."

"हरकत नाही म्हणूनच नको."

सुनेनं कागद खाली ठेवला. अगदी हळू ठेवला, आणि मग ती फुटली. "आई, आता मात्र हद्द झाली! डबे खात होती म्हणून नको, रडत होती म्हणून नको, तिची आई येत होती म्हणून नको. आता शहाणी होती म्हणून नको? त्या कपाटावर बघा. कागदाच्या त्या तुकड्यावर माझं नाव आहे, फोटो आहे, सही आहे, चार वर्षं आहेत माझी. सोमवारी त्या खिळ्यावर दुसरीची चौकट लागणार. आणि का? तर साली कुणीतरी तुमच्या रुमालाला तोंड पुसलं म्हणून!"

सासूसमोर 'साली' म्हटल्याचं तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. नात दचकून दोघींकडे बघत होती.

बाई चिडल्या नाहीत. त्या वह्यांच्या ढिगाकडे बघत होत्या.

"तू म्हणतेस ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण ऐक. या एकसष्ट पोरी माझ्यासमोर वर्षभर बसल्या आणि मी यांच्याकडे पाहिलंच नाही. ज्यांनी माझं डोकं खाल्लं त्या सगळ्या मला तोंडपाठ आहेत. मला ज्या नावाचं तोंडच दिसत नाही, ते मी आपल्या पोरीला कसं देऊ? हिला हाक मारताना मला दरवेळी वाटेल, रिकाम्या बाकाला हाक मारतेय."

"मग काय करायचं?"

"ती जाडी वही दे. नाही, ती नाही, शाईचा डाग आहे ती."

बाईंनी पानं उलटली. एका पानावर शेरा ओळीत मावला नव्हता. समासात चढला होता, तिथून वळून वरच्या मोकळ्या जागेत गेला होता. बाईंनी वही लांब धरून वाचायला सुरुवात केली.

"न विचारता उठते. चुकीचं उत्तर सगळ्यांच्या आधी आणि मोठ्यानं सांगते. बरोबर उत्तर सांगितलं की विचारते, कशावरून. शिक्षा म्हणून दाराबाहेर उभी केली तर येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारते. मुख्याध्यापकांना म्हणाली, तुमची खुर्ची वाजते. खरंच वाजते. लहान पोराला मारणाऱ्या चौथीतल्या मुलाची पाटी फोडली. विचारल्यावर म्हणाली, मीच फोडली, परत मारलं तर परत फोडीन. दुसरीच्या बाई, क्षमा करा."

सून हसायला लागली. किती आठवड्यांनी हसली कोण जाणे. हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. "आता काय करते ही?"

"बस चालवते. परवा भर चौकात बस थांबवून ओरडली, बाई, सिग्नल लाल आहे, कुठे निघालात! सगळी बस माझ्याकडे बघत होती."

"आणि नाव?"

बाईंनी नाव सांगितलं. दोन अक्षरी, जुनं, हल्ली कुणी ठेवत नाही असं. आजीच्या वयाच्या बायकांत सापडतं.

"आई, खरं सांगा. आवडतं तुम्हाला?"

"छे! इतकं नावडतं नाव चौतीस वर्षांत दुसरं नाही. नुसतं उच्चारलं तरी कपाळ दुखतं. हे बघ, लागलं दुखायला."

सुनेनं पोरीला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "कशावरून, असं विचारणारी," ती म्हणाली. "मला हीच हवी."

संध्याकाळी मुलगा आला. त्याला नाव सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "हे? अगं, हे म्हणजे अगदीच..."

"तू बोलू नकोस," दोघी एकदम म्हणाल्या.

शनिवारी साडेअकराला चौघं नोंदणीच्या खिडकीवर होती. सुनेनं चौकट बरोबरच आणली होती. इथून थेट दुकानात जायचं, सोमवारची वाट कशाला बघा. रांगेत पुढे सहा जण. प्रत्येक जण खिडकीपाशी जाऊन वाकत होता, पुटपुटत होता, सरळ होत होता. बारा वाजायला आठ मिनिटं असताना यांचा नंबर आला. कारकून तोच होता. त्यानं जुना दाखला हातात घेतला, भुवया वर केल्या आणि बोट ठेवून वाचलं.

"आईला विचारून. असं नाव कुणी ठेवलं हो?"

मुलगा छतावरचा पंखा बघत होता.

"तुम्हीच छापलंय," बाई म्हणाल्या. "आता विचारलं. हे घाला."

सुनेनं अर्ज आत सरकवला. कारकुनानं नवं नाव वाचलं. त्याची बोटं बटणांवर जाऊन थांबली. ओठ आत गेले, नाकपुड्या जराशा फुगल्या. चौतीस वर्षं नावं घेतलेल्या बाईंना ते तोंड ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी ते रोज सकाळी स्वतःच्या चेहऱ्यावर वागवलं होतं.

"काही अडचण आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही." कारकुनानं मागे वळून पाहिलं, मग खिडकीच्या जाळीजवळ तोंड आणून हळू आवाजात म्हणाला, "माझ्या सासूबाईंचं नाव आहे."

"अस्सं? कशा आहेत?"

"आहेत. आमच्याकडेच असतात."

"म्हणजे तुम्हाला चांगलं पाठ असेल," बाई म्हणाल्या. "लिहा. खाडाखोड नको."

कारकुनानं सुनेकडे पाहिलं, तिच्या काखेतल्या चौकटीकडे पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं. बाळ त्याच्याकडे टक लावून बघत होतं. त्यानं ते नाव टाइप केलं, तीनदा तपासलं, आणि शिक्का असा मारला, की पलीकडच्या खिडकीतल्या बाईंनी मान वर करून विचारलं, "काय हो, कुणाला मारलंत?"